साडेतीन फुटांच्या खाली

अंगणवाडीसाठी नवी इमारत बांधायची ठरली की ग्रामपंचायतीच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, "कमीत कमी कितीत बसेल?" या प्रश्नाला नाक मुरडण्याचे कारण नाही. २०२२ च्या 'सक्षम अंगणवाडी व पोषण २.०' या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत एका इमारतीला १२ लाख रुपये धरले गेले: ८ लाख रोजगार हमीतून, २ लाख पंधराव्या वित्त आयोगातून आणि २ लाख महिला व बालविकास मंत्रालयाकडून. जागेची अपेक्षा आधीपासूनच किमान ६०० चौरस फुटांची आहे. त्यात मुलांची बसायची खोली, स्वयंपाकघर, धान्याची खोली आणि मुलांना वापरता येईल असे शौचालय हवे. भागाकार केला तर चौरस फुटाला २,००० रुपये पडतात. स्वतःचे साधे घर बांधणारा माणूसही आज या दरात हात आखडूनच बांधतो. तेव्हा काटकसर करायची की नाही, हा वाद संपल्यातच जमा आहे. ती कुठे करायची हा वाद उरतो, आणि तिथे आपले बहुतेक हिशेब उलटे बसलेले दिसतात.

माझे म्हणणे असे. जमिनीपासून साडेतीन फुटांवर भिंतीला एक रेघ मारा. सहा वर्षांपर्यंतच्या मुलाचा सगळा व्यवहार त्या रेघेच्या खाली चालतो. फरशी, उंबरा, पायरी, नळ, खिडकीची कड, दाराची फट, आणि ज्याला हात लावून तेच बोट ते तोंडात घालणार आहे तो भिंतीचा रंग. रेघेच्या वर असते ते बहुतांशी मोठ्या माणसांच्या समाधानासाठी: दर्शनी कमान, लोखंडी अक्षरांची पाटी, गच्चीचा कठडा, छताची नक्षी, कोनशिला. पैसे वाचवायचे ते वर वाचवावेत, खाली हात लावू नये. प्रत्यक्षात होते काय? दर्शनी भागाला तिरंगी पट्टे आणि कोनशिलेला ग्रॅनाइट, आणि आत शौचालयात मोठ्या माणसाच्या मापाचे भांडे, चार फुटांवरचा नळ. चार वर्षांच्या पोरीने त्या भांड्यावर बसायचे कसे, हे अंदाजपत्रक करणाऱ्याने स्वतःला विचारलेले नसते. मग मुले बाहेर जातात, आणि शौचालयात खराटे, रिकामी पोती आणि जुना वजनकाटा ठेवला जातो.

काटकसरीचे मोजमापच आधी तपासून घेऊ. बांधकामाचा खर्च आपण चौरस फुटावर मोजतो, कारण ठेकेदाराचे बिल तसे निघते. मुलाच्या बाजूने मोजून पाहा. अंगणवाडीत ३० मुले धरली, वर्षाला ३०० दिवस धरले आणि इमारत ३० वर्षे टिकली असे मानले, तर १२ लाखांचे मुलामागे दिवसाला साडेचार रुपयांच्या आतच पडतात. पूरक आहारासाठी केंद्राने २०१७ मध्ये ठरवलेला दर मुलामागे दिवसाला ८ रुपये होता. म्हणजे छप्पर जेवणाच्या निम्म्याहून थोडे अधिक. आता समजा, कुणी शहाण्याने २० टक्के खर्च कापला आणि इमारत ९ लाख ६० हजारांत उभी केली. रोजचे वाचले ८९ पैसे. पण त्या कापाकापीत इमारतीचे आयुष्य ३० वर्षांवरून २० वर आले, तर मुलामागचा रोजचा खर्च ५ रुपये ३३ पैसे होतो, म्हणजे वाचण्याऐवजी वाढतो. दहाच वर्षांत ती मोडीत निघाली तर १० रुपये ६७ पैसे, जेवणापेक्षाही महाग. दहा वर्षांत गळायला लागलेल्या सरकारी इमारती शोधायला फार लांब जावे लागत नाही.

म्हणून माल हलका वापरणे ही सगळ्यात महागडी काटकसर. खरी बचत फावडे चालवण्याच्या आधी, जागा आणि नकाशा ठरवताना होते. त्या वेळी ती फुकट असते, आणि नेमकी तेव्हाच कुणाला घाई नसते.

जागेपासून सुरुवात करू. गावात अंगणवाडीला जागा मिळते ती बहुधा दुसऱ्या कुणाला नको असलेली: ओढ्याकाठची, गावठाणाच्या टोकाची, पावसाळ्यात पाणी साचणारी. फुकट मिळाली म्हणून सगळे खूश. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत ही फुकटची जागा फार महागात पडते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया तिच्यावर टेकवता येत नाही. खाली मुरूम लागेपर्यंत जावे लागते, वर मुरमाचा भराव करावा लागतो, पाणी आत येऊ नये म्हणून जोते उंच घ्यावे लागते. १२ लाखांतला मोठा वाटा जमिनीखाली गाडला जातो आणि वरच्या भिंतींसाठी पैसा उरत नाही. जागा ठरवण्याआधी दोन-तीन ठिकाणी माणूसभर खोल खड्डे घेऊन पाहायला दोन गड्यांची मजुरी लागते. तेवढे करून, पन्नास पावलांवरची मुरमाड जागा ग्रामसभेत भांडून मिळवली, तर पुढे कोणत्याही स्वस्त मालाने वाचणार नाही एवढे वाचते. जोते कमी उंच झाले की पायऱ्याही कमी होतात, आणि तीन वर्षांच्या मुलाला प्रत्येक पायरी चढून जावी लागते हे विसरू नये.

नंतर आकार. २० बाय ३० ची इमारत घेतली तर बाहेरची भिंत १०० फूट लांब होते. तेवढेच ६०० चौरस फूट १२ बाय ५० मध्ये बसवले तर ती १२४ फूट होते. जागा तेवढीच, पण भिंत, पाया, गिलावा, रंग सगळे चोवीस टक्क्यांनी जास्त. लांबट पट्टीसारख्या इमारती शाळांच्या वर्गखोल्यांची नक्कल म्हणून येतात. अंगणवाडीत वर्ग नसतात, तर खोल्यांची रांग कशाला? एक मोठी खोली, तिच्या एका अंगाला स्वयंपाक आणि कोठार, दुसऱ्या अंगाला शौचालय, आणि पुढे पडवी. पडवीबद्दल तर मी हट्टी आहे. तिला तीन बाजूंनी भिंत लागत नाही, खिडक्या-दारे लागत नाहीत, म्हणून इमारतीतले सगळ्यात स्वस्त चौरस फूट तिथले. मुले दिवसातला चांगला वेळ तिथेच घालवतात, आणि लसीकरणाच्या दिवशी आयांची रांगही तिथेच बसते. पैसे कमी पडले की सगळ्यात आधी पडवीवर काट मारतात, कारण पडवी 'खोली' म्हणून मोजली जात नाही.

जिना हा दुसरा वायफळ खर्च. "उद्या वर मजला चढवू" म्हणून खांब जाड घेतले जातात, गच्चीवर सळया उभ्या सोडल्या जातात, जिना बांधला जातो, जिना आला म्हणून गच्चीला कठडा येतो. मजला काही चढत नाही. सळया गंजतात, त्यांच्या मुळाशी पाणी मुरते आणि खालचे छत गळू लागते. एकमजली, ६०० फुटांच्या इमारतीला बहुतेक ठिकाणी आरसीसी खांबांचा सांगाडाच लागत नाही, भिंतीच छप्पर पेलू शकतात. जिना नसला की पोरे वर चढण्याची भीतीही जाते.

आणि कंपाउंड. हा हिशेब एकदा कागदावर मांडावाच. ५० बाय ६० फुटांचा भूखंड असला तर त्याचा परीघ २२० फूट. पाच फूट उंच पक्की भिंत घातली तर १,१०० चौरस फूट बांधकाम झाले. २० बाय ३० च्या इमारतीची दहा फूट उंच बाहेरची भिंत १,००० चौरस फुटांची, तीही दारे-खिडक्या वजा न करता. म्हणजे इमारतीला जेवढी भिंत लागली त्याहून जास्त तिच्याभोवती घातली! मुले रस्त्यावर जाऊ नयेत एवढाच हेतू असेल तर कमरेएवढी तारेची जाळी आणि तिला लागून मेंदीचे किंवा अडुळशाचे कुंपण पुरते. कुंपण लावताना मात्र स्वस्त म्हणून कण्हेर किंवा मोगली एरंड लावू नये. दोन्ही विषारी. मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात, म्हणून मुले त्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात पोहोचतात. महाराष्ट्रात हे वारंवार घडले आहे.

भिंतीच्या काटकसरीबद्दल बोलायचे तर लॉरी बेकरचे नाव घ्यावेच लागते. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला हा वास्तुशिल्पी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मायदेशी परतण्यासाठी मुंबईत बोटीची वाट पाहत थांबला होता, तेव्हा त्याची गांधीजींशी गाठ पडली. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानातून बांधावे, हा गांधीजींचा विचार त्याने पुढे केरळात आयुष्यभर राबवला. त्याची 'रॅट ट्रॅप' पद्धत अशी: वीट आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवायची, म्हणजे भिंत नऊ इंचच राहते पण मध्ये पोकळी राहते. विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे खोली कमी तापते. स्लॅबमध्ये खालच्या बाजूला जुनी मंगळुरी कौले बसवून काँक्रीट वाचवण्याची पद्धतही त्यानेच लोकप्रिय केली. दोन्ही उत्तम. पण त्यांचे गुणगान करणारे एक गोष्ट सांगत नाहीत. कडेवरच्या विटेला कडा सरळ लागतात. आपल्याकडच्या भट्टीतली वीट वाकडीतिकडी, कोपरे उडालेली असली तर वाचवलेली वीट मसाल्यात जाते, आणि असे काम न केलेला गवंडी त्या पोकळीत मसाला भरून मोकळा होतो. कोकणात तर याची गरजच नाही. तिथे जांभ्याचा चिरा आहे, गिलाव्याविना शोभतो, त्याचीच भिंत घालावी. पाच मैलांचा नियम पाळायचा तर केरळची वीट सोलापुरात आणण्यात काय अर्थ?

खांबांचा सांगाडा टाळताना एक पैसाही कापू नये अशी एक जागा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसे दगावली, ती बहुतेक माळवदी घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती आणि वरच्या मातीच्या ओझ्याखाली. दगडाची भिंत वाईट होती असे नाही. ती कोपऱ्यांत बांधलेली नव्हती. जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली काँक्रीटचा सलग पट्टा आणि कोपऱ्यांत उभ्या सळया, एवढे घेतले तर भार पेलणारी भिंत बरीच सुरक्षित होते. सांगाड्यावर वाचलेल्या पैशांतला थोडासाच भाग त्यात जातो. हा पट्टा गिलाव्याखाली झाकला जातो, कुणाला दिसत नाही, म्हणून ठेकेदाराचा डोळा आधी त्यावरच जातो.

इथे माझी रेघही तोकडी पडते, हे मान्य करायला हवे. छप्पर साडेतीन फुटांच्या वर असते, पण त्याचे बरेवाईट थेट खालच्या मुलावर येते. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या एका शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून निघालेली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुले गेली. स्थानिक, स्वस्त, थंड अशा झावळ्यांच्या छपराचे सगळे गुण खरे होते. पण तेच छप्पर चुलीशेजारी, मुलांच्या डोक्यावर आणि बाहेर पडायला अपुऱ्या वाटा असलेल्या इमारतीवर होते. जुलै २०२५ मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी सरकारी शाळेचा भाग कोसळून सात मुले दगावली, ते डागडुजी न केल्याचे फळ. म्हणून छपराला, आणि चूल व मुले यांच्यामधल्या भिंतीला, काटकसरीच्या चर्चेत आणूच नये. खोलीला दोन दारे हवीत, दोन्ही बाहेर उघडणारी. दुसरे दार हा खर्च नव्हे.

पत्र्याच्या छपराबाबत माझे मत कडवट आहे. चंद्रपूर-नागपूरकडे एप्रिलात पारा ४५ च्या आसपास खेळतो. तिथे उघड्या पत्र्याखाली तीन वर्षांच्या मुलांना बसवणे म्हणजे अंगणवाडी अकरा वाजता बंद करायला लावणे. सिमेंटचा पत्रा थोडा कमी तापतो, पण आपल्याकडच्या सिमेंट-पत्र्यात वर्षानुवर्षे ॲस्बेस्टॉस येत आले आहे. तो फुटला, घासला की त्याची धूळ उडते, आणि ती फुप्फुसाला घातक असल्याबद्दल आता शंका उरलेली नाही. त्यापेक्षा साधा स्लॅब घालून त्यावर दरवर्षी उन्हाळ्याआधी पांढऱ्या चुन्याचा जाड हात मारावा. एक पोते चुना आणि एका माणसाचा दिवस, एवढ्यात खोली जाणवण्याइतकी थंड होते.

आता रेघेच्या खाली. फरशी आधी. गुजरातेतल्या मोरबीच्या चकचकीत फरशा स्वस्त झाल्या आहेत आणि उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतात. मुले त्यांच्यावर पाणी सांडतात, मुततात, आणि घसरून आपटतात. पॉलिश न केलेली शहाबादी त्यांच्यापुढे मागास दिसते, पण पायाला गार लागते, ओली झाली तरी पकड देते, आणि एखादी फुटली तर तालुक्याच्या गावात दुसरी मिळते. तीही नको असेल तर नीट घोटलेला सिमेंटचा कोबा चालतो. पैसे वाचतात आणि तेच मुलांसाठी बरेही, असे फार कमी ठिकाणी जमते. फरशी त्यांतली एक. खिडकीची कड दीड-दोन फुटांवर ठेवली की मुलाला बाहेरची शेळी दिसते आणि भिंतीचे बांधकामही तेवढे कमी होते. गजांमध्ये चार इंचांपेक्षा जास्त अंतर मात्र नको. लहान मुलाचे डोके त्यात जाते आणि कानांमुळे मागे येत नाही.

रंगाचे तर भलतेच झाले आहे. इमारतीच्या अंगोपांगातून मुलांनी शिकावे, दार उघडताना कोन कळावा, खिडकीच्या जाळीतून अक्षर बोटाने गिरवता यावे, ही 'बाला' नावाची कल्पना दिल्लीतले वास्तुशिल्पी कबीर वाजपेयी आणि त्यांच्या संस्थेने मांडली. मूळ कल्पना बांधकामाची होती. आपल्याकडे आली ती बहुतेक ठिकाणी रंगाऱ्याचे कंत्राट होऊन. सहा फुटांवर हत्ती, सात फुटांवर ए टू झेड, मुलाच्या डोळ्यासमोर पिवळा कोरा पट्टा. साडेतीन फुटांपर्यंत काळा, खडूने लिहिता येईल असा गुळगुळीत गिलावा केला असता तर निम्म्या पैशात मुलांना रोज नवी भिंत मिळाली असती. रंग घ्यायचाच तर डब्यावर शिशाचे प्रमाण लिहिलेला घ्यावा. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त असू नये, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, पण बिननावाच्या स्वस्त डब्यांवर त्याचा पत्ता नसतो. लहान मुलाच्या मेंदूला शिसे किती बाधते, हे लक्षात घेतले तर या ठिकाणी दोनशे रुपये वाचवणाऱ्याला काटकसरी म्हणवत नाही.

"पण ताराबाईंनी तर इमारतीशिवाय बालवाडी चालवली," असे कुणीतरी म्हणतेच. खरे आहे. ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना बरोबर घेऊन १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते काम रुजले. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शिंपले, पाने, खडे यांतून साधने केली. माँटेसरीच्या पहिल्या बालगृहाचा जन्मसुद्धा काटकसरीतूनच झाला होता. १९०७ च्या जानेवारीत रोमच्या सान लोरेंझो वस्तीत ते निघाले, कारण आईबाप कामावर गेले की चाळींतली पोरे नव्याने डागडुजी केलेले जिने-भिंती खराब करत होती. दर वेळी रंग काढण्यापेक्षा एक खोली आणि एक बाई देणे मालकांना स्वस्त वाटले.

ताराबाईंचे उदाहरण देणारे एवढेच सांगतात की तिथे भिंत नव्हती. भिंतीच्या जागी काय होते ते सांगत नाहीत. तिथे मुलांत बसायला शिकलेली, पाड्यावरच्या बायकांशी त्यांच्या बोलीत बोलणारी माणसे होती. आजच्या अंगणवाडीत धान्य साठवायचे असते, गरम आहार शिजतो, वजन-उंची होते, लस टोचली जाते. यांतले निम्मे काम जून ते सप्टेंबर अंगणात करता येत नाही. इमारत नको असे त्या उदाहरणातून निघत नाही. निघते ते एवढेच की, इमारत पाड्यापासून लांब असेल तर ती कितीही स्वस्त असली तरी वाया गेली.

नवीन बांधण्याआधी जुने पाहावे हा सल्ला मात्र मी मनापासून देईन. पट घटल्यामुळे जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत खोल्या रिकाम्या आहेत, आणि अंगणवाडी प्राथमिक शाळेच्या आवारात असावी हे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सांगितले आहे. रिकाम्या खोलीला स्वयंपाकाचा आडोसा, लहान मुलांचे शौचालय आणि उतार जोडला की १२ लाखांऐवजी त्याच्या छोट्याशा भागात काम होते. अट एकच: शाळा वस्तीपासून दूर नको, आणि दहा वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या पायऱ्या-नळ तसेच ठेवून 'सोय झाली' म्हणायचे नाही. शहरात याहून सोपी पळवाट निघाली आहे. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या कचेरीला पाळणाघराची सोय करणे भाग पडले, तर काहींनी ती तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत केली. तिच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखे नाही.

आता त्या चोरवाटेकडे येऊ जिथून इमारतीचे आयुष्य खरे गळते. निविदा अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के खाली भरून काम घेतले जाते, आणि सगळ्यांना वाटते सरकारचे पैसे वाचले. ठेकेदार आपल्या खिशातून भरणार नसतो. तो सिमेंटच्या गोण्यांत भरून काढतो आणि पाणी मारण्यात भरून काढतो. काँक्रीट ओतल्यावर साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि उष्ण-कोरड्या हवेत दहा दिवस ते ओले ठेवावे लागते, असे भारतीय मानक सांगते. स्लॅबवर मातीची छोटी आळी करून त्यांत पाणी तुंबवायचे, उभ्या कामाला ओले गोणपाट गुंडाळायचे, बस्स. इतक्या स्वस्तात इमारतीला एवढी ताकद देणारे दुसरे काही नाही. पण निधी ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो, म्हणून जानेवारीत खोदाई होते आणि स्लॅब पडतो एप्रिल-मेमध्ये, जेव्हा मराठवाड्यातल्या गावाला प्यायचे पाणीसुद्धा टँकरने येते. स्लॅबवर हंडाभर पाणी कुणी टाकायचे? कोरडे पडलेले काँक्रीट पहिल्या दोन पावसाळ्यांत आपले खरे रूप दाखवते. मंजुरी जूनमध्ये आणि स्लॅब दिवाळीनंतर, विहिरी भरलेल्या असताना, एवढा कालक्रम बदलला तर एकही रुपया न वाढवता इमारत कित्येक वर्षे जास्त टिकेल. निम्मी काटकसर पंचायत समितीच्या दिनदर्शिकेत दडलेली आहे.

रोजगार हमीच्या पैशातून बांधताना एक आणखी विचित्र अडचण येत आली. मजुरी ६० आणि सामान ४० हे प्रमाण राखायचे असते, आणि कुशल कामगाराची मजुरी, म्हणजे गवंड्याची, 'सामाना'च्या ४० टक्क्यांत धरली जाते. म्हणजे चांगला गवंडी घेतला की सिमेंट कमी पडते, आणि सिमेंट पुरते घेतले की गवंडी कच्चा घ्यावा लागतो. कमी माल आणि जास्त कौशल्य, हे बेकरचे सूत्र होते. ते या नियमात बसतच नाही. खोदाई आणि भरावासाठी केलेला नियम भिंतीला लावला की असे होते. कौशल्याची मजुरी वेगळी मोजली पाहिजे, आणि गावातल्याच चार जणांना त्या कामावर शिकवून गवंडी करता आले तर तो खर्च पुढच्या दहा इमारतींत फिटतो.

मजुरीचा विषय निघालाच आहे तर या कामांवरची एक विसंगती नोंदवायला हवी. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावर राबणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी 'मोबाईल क्रेशेस' सुरू केले, पुढे तसे काम मुंबई आणि पुण्यातही उभे राहिले. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री-कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. अंगणवाडीच्या कामावर पन्नास बायका कधीच नसतात, म्हणून ते कलम तिथे लागू झाले नाही. पण रोजगार हमीचा नियम याहून बारीक होता: कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचे आणि तिला इतरांएवढीच मजुरी द्यायची. अंगणवाडीच्या कामावर, खडीच्या ढिगाशेजारी खेळणारी पाच मुले मी अनेकदा पाहिली आहेत, पण त्यांना सांभाळणाऱ्या बाईचे नाव हजेरीपटावर मला कुठे आढळले नाही. विचारले तर उत्तर येते, "बजेटमध्ये बसत नाही." बसते. तिची मजुरी अकुशलच्या रकान्यात जाते, साठ टक्क्यांच्या वाट्यात. सिमेंट-सळईच्या पैशाला तिने धक्काही लागत नाही.